पिशवीत दोन डावे

एक होती आजी, एक होता तिचा मुलगा आणि एक होती त्या मुलाची मुलगी, भिंगरी. आजीला कमी दिसायचं, मुलगा घरोघरचे नळ दुरुस्त करायचा आणि भिंगरी फुटबॉल खेळायची. त्याच घरात दारामागे, छत्रीशेजारी, एक होतो मी. मी डावा बूट बोलतोय.

माझा आणि उजव्याचा जन्म एकाच कारखान्यातला. एकाच खोक्यात पाठीला पाठ लावून आम्ही दुकानात आलो. माप पाच नंबर. भिंगरीने आम्हाला घालून दुकानात चार उड्या मारल्या, तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "पुरे, फरशी फुटेल." झालं, पडलो आम्ही त्या घरात.

पण माझ्या वाट्याला आलं ते निराळंच. भिंगरीला पुढे खेळायचं होतं, गोल मारायला. तिचा उजवा पाय म्हणजे तोफ आणि डावा नुसता टेकू. बाबांनी यावर तोडगा काढला. रोज संध्याकाळी तासभर डाव्या पायात मी आणि उजव्या पायात घरातली स्लीपर. स्लीपरने मारायला गेलं की चेंडूआधी स्लीपरच उडायची, मग मारा मुकाट्याने डाव्याने. पाण्याच्या टाकीच्या भिंतीसमोर मी रोज दोनशे वेळा तोंड फोडून घेतलं. एकदा ती स्लीपर शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसली. काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला दुसरा बूटही घेऊन द्या की."

दुसरा होता ना. घरी होता, जावईबापूंसारखा पाय पसरून. माझी शिवण तीनदा उसवली. कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्याने विचारलं, "याचा जोडीदार वारला का?"

"नाही हो, मजेत आहे," बाबा म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मला उजव्याचा फार राग यायचा.

भिंगरी एकोणीस वर्षांची झाली आणि एका मोठ्या संघाने तिला हंगामापुरतं पगारावर घेतलं. पाय मात्र पाचावरच थांबला होता. सामन्यांसाठी नवी जोडी आली, मी राहिलो सरावाला. हंगाम सरत आला तरी तिच्या नावावर एक गोल नाही. चेंडू डावीकडे आला की ही तो उजव्यावर घ्यायला जायची आणि तेवढ्यात समोरची तो काढून न्यायची. इतकी वर्षं भिंत मी खाल्ली आणि ऐन वेळी हिला आठवण उजव्याची.

शेवटच्या सामन्याआधी प्रशिक्षक बाईंनी तिला बाजूला घेतलं. "उद्याचा खेळ बघते, मग ठरवते. ठेवायचं की घरी पाठवायचं."

त्या दिवशी ती धड जेवली नाही. बाबा म्हणाले, "नाही ठेवलं तर चल माझ्याबरोबर, पाना धरायला." चेष्टाच केली त्यांनी, पण कुणी हसलं नाही. स्वतः बाबाही नाहीत.

पिशवी भरायची आजीने, हा त्या घरचा नेमच. सकाळी तिने नवी जोडी पिशवीत घातली, वर टॉवेल ठेवला. तेवढ्यात बाबा निघता निघता सवयीने म्हणाले, "आई, डावा टाकलास का?"

आता त्या घरात डावा म्हणजे कोण? मीच. आजीने दारामागे चाचपून मला उचललं आणि पिशवीत कोंबलं. चेन लागेना. तीन बुटांतला एक काढायला हवा. आजीने बोटांनी अंदाज घेतला आणि नव्यातला उजवा काढून ठेवला. म्हणाली, "तुझं काय काम? तू बसूनच असतोस."

मैदानाच्या खोलीत पिशवी उघडली आणि भिंगरी बघतच राहिली. दोन डावे. घर दोन तासांवर. गोलरक्षक ताईने आपले बूट पुढे केले, नऊ नंबर.

"यात मी राहायलाच जाईन," भिंगरी म्हणाली. रडवेली होऊन म्हणाली, तरी सगळ्या हसल्या.

मग तिने नवा डावा डाव्या पायात घातला आणि उजव्या पायात मला. मी इतका सैलावलेलो, की कसाबसा मावला पाय. बाईंनी पाहिलं.

"पळता येईल?"

"येईल. उजव्याने मारता नाही येणार."

"मग मारू नकोस."

बरोबरी होती आणि दहा मिनिटं उरली होती, तेव्हा तिला आत सोडलं. समोरची उंच बचावपटू हिला ओळखून होती. उजवी बाजू अडवून उभी राहिली, डावी मोकळी. लांबून चेंडू आला, डावीकडेच. मला वाटलं, आता ही सवयीने उजव्यावर घेणार. घेणार कशी, उजव्यावर मी होतो.

तिने मला जमिनीत रोवलं. सगळा भार माझ्यावर आला, अंगठा माझ्या शिवणीतून बाहेर आला, पण मी हललो नाही. आणि नव्या डाव्याने चेंडू असा मारला, अगदी टाकीच्या भिंतीवर मारायचा तसा. जाळं हललं.

तेव्हा मला कळलं, की एकाला मारता यावं म्हणून दुसऱ्याला गप उभं राहावं लागतं. माझ्या दोनशे फटक्यांना तो बिचारा उजवा पाय स्लीपरवर तोल सांभाळत उभा असायचा. मी कधी विचारलंही नव्हतं.

आता मी फडताळात असतो, माझ्या जुन्या उजव्याशेजारी. आमचं बरं जमतं. तुमच्याकडेही एखादा एकटा बूट असेल तर टाकू नका, त्यालाही काही सांगायचं असेल.

बाईंनी भिंगरीला तीन वर्षांसाठी ठेवून घेतलं. नव्या कराराच्या पहिल्या पगारात आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. परवा बाबांनी दारातून विचारलं, "आई, डावा टाकलास का?"

आजीने नव्या चष्म्यातून पिशवीत पाहिलं. "दोन्ही टाकले. तू आधी पायातल्या चपला बघ, एक माझी आहे."