मागच्या लाइनीचं पाणी

"ही कॉलर आहे की फास," खैरुद्दीन पुटपुटला. हनुवटी वर करून तो उभा होता आणि जैनब त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत होती. सत्तरी आली तरी बटण त्याने स्वतः लावलं की एक घर चुकायचंच.

"मान जाड झालीय तुमची. कॉलरला बोल कशाला लावता?"

माईकवाला वायर हातात घेऊन ताटकळला होता. नवऱ्याच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकून जैनब बाजूला झाली.

एकेकाळी या पंपघरात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. आता त्याचं संग्रहालय झालं होतं, भिंती पांढऱ्याफेक, आणि लोक दर्ग्यात आल्यासारखे कुजबुजत होते. आखातातल्या या अल घाफियाला नळाचं पाणी आल्याला चाळीस वर्षं झाली म्हणून इथलं पाणीखातं फिल्म बनवत होतं. जुन्या माणसांपैकी बोलता येईल असा एक टँकर ड्रायव्हर हयात होता, तो खैरुद्दीन. म्हणून आज अख्खं कुटुंब सणाचे कपडे घालून इथे आलं होतं.

नात इनाया मधल्या काचेच्या पेटीला नाक लावून उभी होती. आत मखमलीवर एक गंजकी, गोल क्लच प्लेट ठेवली होती.

"दादी, इट सेज ओरिजिनल क्लच. फ्रॉम दादाज टँकर."

"ओरिजिनल," जैनब म्हणाली. "जो क्लच कधी मोडलाच नाही, त्याची प्लेट यांना कुठल्या भंगारवाल्याने दिली?"

सून फिरदोसने तिच्या कोपराला हात लावला. "अम्मी, हळू. साहेबांचा पुतण्या मागेच आहे."

क्लचची गोष्ट अल घाफियात कुणाला माहीत नव्हती असं नाही. ईदला, लग्नात, कुणी गावाहून नवीन आलं की, पुरुषमंडळी ती सांगत. उन्हाळ्याचे दिवस. खैरुद्दीनचा गोड्या पाण्याचा टँकर बंगल्यांकडे निघालेला. कामगारांच्या मागच्या लाइनीपाशी त्याचा क्लच गेला. पाणी का आलं नाही हे बघायला पाणीखात्याचे तेव्हाचे मोठे साहेब, हमद साहेब, स्वतः जीप घेऊन आले, त्यांनी मागच्या लाइनीचे हाल डोळ्यांनी पाहिले, त्यांचं मन द्रवलं आणि त्यांनी पाइप टाकून दिला. गोष्ट संपली की सगळे म्हणायचे, अल्ला साहेबांना लांब आयुष्य देवो. ते त्याने दिलंही होतं.

खरी गोष्ट मागच्या लाइनीत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती, आणि ती कुणी सांगत नसे.

तेव्हा बंगले भराभर वाढत होते. प्रत्येकाला बाग, बागेला हिरवळ. त्यांना पाणी पोचवणारे ड्रायव्हर आणि पाइप जोडणारे फिटर मागच्या प्लायवूडच्या खोल्यांत राहत, बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे, काहींनी बायकापोरं आणलेली. त्यांना विहिरीचं खारं पाणी. गोड्या पाण्याच्या टँकरची त्यांची एक पाळी असायची; बंगले वाढले तशी ती लांबली आणि मग आलीच नाही. खाऱ्या पाण्यात डाळ शिजेना. चहा फाटायचा. पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. नवऱ्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, बोलतो साहेबांशी, इन्शाल्ला. बोललं कुणीच नाही.

मग एका दुपारी बायकांनी रिकामे ड्रम आणून रस्त्यात आडवे टाकले आणि त्यांच्यापुढे बसल्या. पहिला ड्रम अन्वरीचा. तिला कुणी पुढारी म्हटलं असतं तर तिने त्याला लाटण्याने मारलं असतं, पण ड्रम तिचाच पहिला. टँकर आला, थांबला, आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. पुरुष दाराआडून बघत होते. साहेबांच्या जीपची धूळ दिसली तसं त्यांनी बायकांना ओढून आत नेलं आणि खैरुद्दीन टँकरखाली जाऊन आडवा झाला. क्लच गेला साब, तो म्हणाला. खरं बाहेर आलं असतं तर दोन-चार घरांचा व्हिसा खलास होता.

त्या दिवशी ते खोटं बरोबरच होतं, हे जैनब आजही मानायची. पण खोटं कामाचं होतं तोवर ठीक, त्याला मखमलीवर बसवायचं? गेल्या वर्षी अन्वरी दापोलीला वारली. इथल्या मंडळींनी तिच्यासाठी फातिहा ठेवली, आणि जेवणं झाल्यावर तिच्याच नातवंडांना क्लचची गोष्ट सांगितली. नातवंडं हसली. जैनब ताट न संपवता उठून आली होती.

तेव्हापासून ती घरात म्हणत होती, आता सांगायचं. आणि घर म्हणत होतं, आत्ता नको. मुलाचा, रिझवानचा, हमरिया फ्री झोनमध्ये पाण्याच्या टाक्या बनवायचा कारखाना होता. पाणीखात्याचं काँट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं, आणि सही साहेबांच्या पुतण्याची. शिवाय म्हातारा-म्हातारी मुलाच्याच व्हिसावर. आज सकाळी खैरुद्दीनने तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले.

"पोराच्या पोटावर पाय नको, जैनब. आजचा दिवस गप्प बस."

"बसते गप्प," ती म्हणाली होती. "पण मान डोलावणार नाही. सांगून ठेवते."

हमद साहेब काठी टेकत आले. एवढे वाकले होते की जैनबला पाहून वाईटच वाटलं. माणूस वाईट नव्हता. पाइप त्याने टाकला होता, आणि रमजानमध्ये अजून खजुराचा डबा पाठवायचा. खैरुद्दीनला त्यांनी मिठी मारली, इथल्या रीतीने नाकाला नाक लावलं आणि बसल्याबसल्या आपल्या जुन्या बाजारी हिंदीत गोष्ट सुरू केली. खैरूचा क्लच तुटला आणि मागच्या लाइनीचं नशीब उघडलं. पुतण्या मोबाइलवरून नजर न काढता हसला. रिझवान हसला. फिरदोसने मान डोलावली. जैनब काचेच्या पेटीशेजारी ताठ उभी राहिली.

ती मान डोलावत नाही हे एका व्यक्तीने पाहिलं. सुचित्रा, फिल्म लिहिणारी, मूळची पुण्याची. दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेली होती. दोन्ही वेळा क्लचचा विषय निघाला की जैनबचाची गॅस बघायला उठतात, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"चाचा," ती आता खैरुद्दीनला म्हणाली, "तुम्ही हिंदीत अवघडता. मराठीत बोला ना सरळ. अरबी, इंग्लिश आम्ही पडद्यावर खाली लिहून देऊ."

खैरुद्दीनला बरं वाटलं. दिवे लागले. सुचित्राने विचारलं, त्या दिवशी काय झालं?

उन्हापासून त्याने सुरुवात केली, ती त्याला पाठ होती. ऊन कसं, स्टिअरिंग हाताला कसं भाजायचं, बंगल्यांचे फोन कसे यायचे. "टँकर मागच्या लाइनीपाशी आला," तो म्हणाला, "आणि..."

इथे क्लच यायचा. तो आला नाही. खैरुद्दीनने जैनबकडे पाहिलं. तिने खूण केली नाही, डोळेही वटारले नाहीत. नुसती बघत राहिली, दारात उभं राहून उशिरा येणाऱ्या माणसाकडे बघतात तशी.

"आणि अन्वरीने ड्रम आडवा टाकला," तो म्हणाला. "मागोमाग बाकीच्यांनी. सगळ्या रस्त्यात बसल्या. क्लचबिच काही नाही, ताई. इंजिन चालू होतं. मी हॉर्न मारला, त्या उठल्या नाहीत. परत मारला. मग मीच इंजिन बंद केलं."

कॅमेरा चालू होता. फिरदोस जमिनीकडे बघू लागली. त्याच्याशिवाय मराठी कळणारी चार मोठी माणसं तिथे होती, पाचवी इनाया, आणि तिने तोंड उघडं टाकलं होतं. बाकी सगळे ओळखीची गोष्ट ऐकल्यासारखे हसरे बसले होते. हमद साहेबांनी त्यातला एकच शब्द पकडला.

"क्लच, क्लच," ते खुशीत म्हणाले, आणि रिझवानकडे वळले. "शू गाल?" काय म्हणाला तो?

उत्तर सोपं होतं. अब्बा तुम्हाला दुआ देतायत, एवढं म्हटलं असतं तरी पुरे. खाली काय लिहायचं ते नंतर बघता आलं असतं, ऑफिसात, चार माणसांच्या सल्ल्याने. खैरुद्दीनलाच पोराची दया आली.

"सांग काहीतरी, रिझू," तो मराठीत म्हणाला. "काहीही सांग."

आणि जैनबला स्वतःचंच नवल वाटलं. तिलाही क्षणभर वाटलं, सांगू दे काहीही. आपल्या माणसाने म्हटलं ना एकदा. अन्वरीचं नाव घेतलं ना. पोराला कशाला ओढायचं?

रिझवानने खिशातून रुमाल काढला, तोंडावरून फिरवला, परत खिशात ठेवला. मग तो उभा राहिला. बसून बोललं असतं तरी चाललं असतं. तो बोलला ते हिंदीत नाही, अरबीत, शाळेत शिकलेल्या स्वच्छ अरबीत. इतक्या वर्षांत जैनबला ती पुरती बोलता आली नव्हती, पण कळायची सगळी.

"अब्बा म्हणतायत, टँकरला काही झालं नव्हतं. रस्त्यात बायका बसल्या होत्या. त्यांनी अडवला."

पुतण्याने मोबाइल खाली ठेवला. साहेबांचा हात काठीवर स्थिर झाला.

"त्यात माझी अम्मी होती," रिझवान म्हणाला. "मी तिच्या मांडीवर होतो."