सोनेरी झाक

ऑपरेशनला पाऊण तास उरला होता. सिस्टरने आईच्या नव्या खुब्याची पेटी माझ्यासमोर धरली. "नातेवाईकांनी नंबर बघून सही करायची." मी नंबर वाचला. तो लॉट माझ्याच हातचा होता.

खुब्यात बसवायच्या टायटॅनियमच्या दांड्यांवर मी लेझर फिरवते. त्याने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि हाड त्याला घट्ट धरतं. तेव्हा भोवती आरगॉन वायू सोडावा लागतो. नाहीतर तापलेला धातू हवा पितो, वरची कातडी ठिसूळ होते आणि रंग बदलतो. हा लॉट करताना वायू कमी पडला आणि दांड्यांवर सोनेरी झाक आली. अशा दांड्या बाजूला काढायच्या, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी अतिशहाणीने त्या आम्लात बुडवल्या. झाक निघून गेली, तपासनिसाने पास केल्या. खराबी मात्र आतच राहिली.

"तुझं गं तोंड का उतरलं?" आई खाटेवरून म्हणाली. "कापणार मला आहेत."

मला हसू येईना. खरं सांगावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर ती दांडी आईच्या हाडात जाणार. मी मुळात भित्री, म्हणून पळवाट शोधली.

"सिस्टर, दुसऱ्या नंबरची मिळेल का? मनात जरा शंका आलीय."

कपाळाला आठ्या घालत तिने दुसरी आणली. लॉट वेगळा होता. मी सही केली आणि जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिने पहिली पेटी उचलून शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या फाइलवर ठेवली. "माप तेच आहे. यांना होईल."

आजोबा माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. आई माझ्याकडे एकटक बघत होती. माझं तोंड तिला लहानपणापासून वाचता येतं.

"काय करून ठेवलंयस?" तिने हळूच विचारलं.

"ती कुणालाच बसवू नका," मी सिस्टरला म्हणाले. "तो लॉट माझ्या हातून बिघडलाय. मीच लपवलं."

सिस्टरने बसवलेल्या दांड्यांची वही उघडली आणि पानावरून बोट खाली नेलं. ते एकदा थांबलं, मग पुन्हा थांबलं, मग आणखी एकदा.

"या लॉटच्या तिघांना बसवून झाल्यात," ती म्हणाली. "त्यातल्या एक बाई कालच चालत घरी गेल्या."