भांडकुदळ तबकडी

मी एक काळी तबकडी आहे, आणि माझं बोलणं सुरू असताना मध्येच सुई उचललेली मला खपत नाही. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका. नाहीतर आत्ताच उठा, मला राग नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यातला. पापडाच्या यंत्रात गोळी दाबतात तसा गरम काळा गोळा साच्यात दाबला आणि मी झाले. माझ्या पोटात एक माणूस बसवला. हा माणूस गात नाही, बोलतो. भराभर, यमकं जुळवून, समोरच्याची इज्जत काढत. त्याच्याखाली ढोल. याला हिप हॉप म्हणतात. याला संगीत म्हणायचं की नाही यावर पुष्कळ शहाण्यांनी पुष्कळ तोंड वाजवलं आहे. माझा ढोल त्यांच्यापेक्षा बरा वाजतो.

तिकडे कोणाला तरी मी नकोशी झाले. फिरत फिरत मुंबईच्या जुन्या बाजारात आले आणि तिथून चिखलीच्या अब्दुल गनीच्या पोत्यात. गनीभाई जुने भोंगे, रेडिओ, पंखे आणून गावोगाव विकायचे. जवळच्या उंद्री गावात 'कोकिळा लाऊडस्पीकर' नावाचं दुकान होतं, तिथे त्यांनी पोतं उपडं केलं.

या दुकानाच्या बोर्डावर नाव बायकोचं आणि हुकूम नवऱ्याचा, असा रामरावांचा बेत होता. तो बेत गावातलं पहिलंच लग्न वाजवताना मोडला. भोंगा झाडावर चढवायचं काम रामरावांकडे राहिलं. काय वाजवायचं ते कोकिळा ठरवू लागली.

"भाभी, ये विलायती माल है. कोई लेता नहीं," गनीभाई म्हणाले.

"काऊन घेत नाही?"

"गाना नहीं है इसमें. खाली बडबड."

कोकिळानं मला तबकडीच्या मशीनवर लावलं. ऐकलं. दुसऱ्यांदा लावलं. मग पदर खोचून म्हणाली, "गनीभाई, हे तं आमच्या नळावर बाया रोज करतात. फक्त यानं ढोल लावला. असं अजून असलं तं आणत जा. दुसऱ्याले दाखवू नका."

तेव्हापासून तिला हा नाद लागला तो लागलाच. दुसऱ्या बायका साड्यांच्या घड्या जपतात, हिनं माझ्यासारख्यांची कपाटं भरली. नाचाच्या तबकड्या, हिप हॉपच्या तबकड्या. शाळा दुसरीत सुटलेली; इंग्रजी अक्षरं ती आमच्या पोटावरच्या कागदावरूनच शिकली. पण नावं तिची तिनंच ठेवली. एकीला 'धावती', एकीला 'पाहुणी', आणि मला 'भांडकुदळ'. मला नाव आवडलं. खोटं कुठे होतं?

तिची एक युक्ती सांगते. बोलणारा थांबतो आणि नुसता ढोल राहतो, ती जागा नाचाची. तिथे माझा काळा रंगही जरा वेगळा चमकतो. कोकिळानं माझ्या मधल्या कागदावर आपल्या कपाळाची टिकली काढून चिकटवली. टिकली तिच्यासमोर आली की ढोल सुरू. मग दिवसभर बाई बिनटिकलीची मांडवात फिरे आणि बाकीच्या बाया रामरावांकडे काळजीनं बघत.

नवरदेव मारुतीला जाऊन आला की माझी पाळी. एकदा गावचे मोठे माणिकराव उठून आले.

"कोकिळे, हा बाबा गाऊन राह्यला की भांडून राह्यला?"

"भांडून राह्यला, माणिकराव. तुमच्या घरी होते तसंच. पण याचं तालात हाये."

मांडव हसला. माणिकराव पाय आपटत परत गेले. पण आपटले ते ढोलावरच. मी खालून पाहिलं.

पुढे कॅसेट आली, सीडी आली, रामराव गेले. मुलगा रवी मोठा झाला आणि त्यानं डीजे काढला. हत्तीएवढे स्पीकरचे डबे, आणि गाणी मात्र अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये. वरातीत तो एक बटण दाबतो आणि मग दोन्ही हात वर करून उभा राहतो, जणू ढोल त्याच्या काखेतून निघतोय. लोकांच्या खिडक्या थरथरतात, म्हातारे कानात कापूस घालतात, आणि याला म्हणे कला म्हणायचं.

त्याला नवे डबे ठेवायला खोली हवी होती. खोलीत आम्ही.

"आई, तुह्या गुडघ्याच्यानं आता मशीनपाशी उभं राहवत नाही. इकून टाकू. पुण्याचा एक जण घ्याले तयार हाये."

कोकिळानं गुडघा चोळला. मग म्हणाली, "येऊ दे त्याले. पाहून घेतो."

विकणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पोत्यातून आले आहे मी.

तो पुण्याचा यायच्या आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. रवीची बायको पूनम मनानं चांगली, हातानं फार उत्साही. तिनं डब्यांना हार घातले, जनरेटरला हळदीकुंकू लावलं, ट्रॅक्टरपुढे नारळ फोडला. मग तिला वाटलं, सासूबाईंचं हत्यार राहिलं. मी मशीनवरच होते. तिनं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि माझ्या रेघांवर ठसठशीत टिळा ओढला.

कोकिळा काठी टेकत आली आणि किंचाळलीच. "पूनम! टिळा कपाळाले लावतात व, कानात नाही!"

"मले काय माहीत आई, याचं कपाळ कुठं अन् कान कुठं! सगळंच काळं दिसते."

कुंकू वाळून रेघांत बसलं. ओलं फडकं फिरवून पाहिलं, निघेना.

पुण्याचा हर्षल आला तो पांढरे हातमोजे घालूनच. मला चिमटीत धरून उजेडात वळवून वळवून पाहिलं. असं तर मुलगी बघायला येणारेही बघत नाहीत.

"आजी, ही फार दुर्मिळ आहे. पण हा डाग कसला?"

"पूजा झाली तिची. तुमच्याकडच्या वाजवता का?"

"छे! सुई लागली की खराब होतात. माझ्याकडे भिंतभर आहेत, फ्रेममध्ये."

"मंग ऐकता कायच्यावर?"

"मोबाइलवर."

कोकिळानं रवीकडे पाहिलं, रवीनं छताकडे. मग ती म्हणाली, "माही एक अट हाये. इथं उभं राहून ऐकायचं. पाय हालला तं सगळ्या घेऊन जा."

तिनं टिकली पाहून सुई ठेवली. ढोल सुरू झाला. मी जीव तोडून वाजत होते, तेवढ्यात सुई टिळ्यावर आली, अडखळली आणि मागच्या रेघेत पडली. पुन्हा तोच ढोल. पुन्हा टिळा. पुन्हा तोच ढोल. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर भांडले, आणि परीक्षेच्या वेळी माझी बोबडी वळली!

"आजी, अडकतेय ती. बंद करा," हर्षल म्हणाला.

"बंद?" कोकिळा मशीनवर वाकली. "अरे, आता तं सुरू झाली! इतकी वर्षं हा ढोल संपू नये वाटे मले, अन् दरवेळी तो बाबा मधात बोले. आता पाह्य, बोलूनच नाही राह्यला!"

पूनम कणकेच्या हातांनी दारात आली. आधी तिची मान हलली, मग खांदे. शेजारची वंदना भांडं परत द्यायला आली होती, ती भांडं वाजवतच आत शिरली. रवी "आई, खोली..." म्हणता म्हणता डब्यावर बोटं आपटू लागला. कोकिळा खुर्चीत बसली, पण तिची काठी जमिनीवर बरोबर ढोलाला पडत होती.

हर्षल हातमोजे घालून खांबासारखा उभा होता. त्याचा पाय हलला नाही. भिंतीवर टांगणाऱ्यांचा हलत नाही.

"चहा घेऊन जा," कोकिळा त्याला म्हणाली. "तबकड्या राहू द्या."

रवी महिनाभर फुगून होता. मग त्यानं गुपचूप माझा तो अडकलेला ढोल पेन ड्राइव्हमध्ये भरला. आता तो हळदीच्या कार्यक्रमात तेच वाजवतो, हात वर करतो आणि सांगतो, 'आपलं मिक्स!' सांगू दे बापडा. नवे डबे मात्र ओसरीत ठेवले आहेत.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिचं भिंतीवरचं घड्याळ करू नका, फ्रेम करू नका. ओरखडे पडू द्या. झिजून मरणं मला मान्य आहे. बघून बघून मरणं नाही.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. पूनम कुंकवाची वाटी घेऊन समोर उभी आहे, यंदा बोट हवेतच थांबलेलं.

"आई, सांगा. कुठं लावू?"

कोकिळानं चष्मा नाकावर ढकलला, मला हळूच फिरवलं, आणि 'धावती'ला जवळ ओढत म्हणाली, "हिले राहू दे, हिचं झालं. या पोरीले लाव. हे इथं, ढोल संपते त्याच्या जरासं आधी. अन् ओलं लाव व, बसलं पाहिजे."