वहीतली आठवी ओळ

“मावशी, जरा इकडं या हो. हिनं फाटक धरलंय ते सोडतच नाहीये.”

बालवर्गाच्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. शाळेच्या मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि फाटकाशी उकिडवं बसून त्या नव्या मुलीच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. मुलगी रडायची थांबली. आपल्या घरचं बोलणं या झाडूवाल्या बाईच्या तोंडात कसं आलं, हे कोडं तिला रडण्यापेक्षा मोठं वाटलं असावं. फाटक सुटलं.

मावशींच्या कनवटीला एक छोटी वही असे. तिच्यात एकच वाक्य सात भाषांमध्ये लिहिलेलं होतं : ‘घाबरू नको, मी आहे.’ फाटकाशी मुलांच्या आयांना गाठून त्यांनी ते जमवलं होतं. शाळेला याचा पत्ता नव्हता. शाळा विविधता सप्ताहात गुंतली होती. चाळीस मुलं चाळीस संस्कृतींचे पोशाख घालून उन्हात उभी होती. पोशाख सगळे एकाच दुकानातून भाड्यानं आणलेले. मुख्याध्यापिका पाऊण तास बोलल्या. दोन संस्कृतींना चक्कर आली, त्यांना मावशींनीच उचलून आत नेलं.

संध्याकाळी पहिलीतली नात अभ्यासाला बसली.

“आजी, घरातल्या भाषा लिहून आणायच्यात.”

“आपली एकच तर आहे. लिही आणि मोकळी हो.”

“मग आई फोनवर दार लावून बोलते ती?”

मटार सोलणारा मावशींचा हात थांबला. दोन भाषांनी पोरीचा गोंधळ उडेल, हा फतवा त्यांनीच काढलेला. परमुलखातून आलेल्या सुनेनं त्यावर हूं की चूं केलं नव्हतं. ‘आमची सून बाहेरची आहे, हे सांगूनही पटत नाही,’ असं मावशी चारचौघांत कौतुकानं सांगत.

नातीनं आजीच्या कनवटीची वही ओढून घेतली आणि सातही ओळींवरून बोट फिरवलं. “यात सगळ्यांची आहे. आईचीच नाहीये.”

 मावशी वही-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. सून भांडी विसळत होती.

“काय गं, ‘घाबरू नको, मी आहे’ हे तुमच्याकडं कसं म्हणतात?”

सुनेनं नळ बंद केला. “शाळेत नवीन मूल आलंय का, आई?”

“शाळेत नाही. घरात आलंय. सात वर्षं झाली.”

सून ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग तिनं ते म्हटलं, अगदी हळू.

“मोठ्यानं म्हण. फोनवर बोलतेस तसं नको.”

सुनेनं तोंड उघडायच्या आत बाहेरच्या खोलीतून नातीनंच ते वाक्य ठणठणीत म्हणून दाखवलं. रोज झोपताना ऐकलेलं असावं, इतकं सराईत.

चोरी पकडली गेल्यासारखी सुनेनं मान खाली घातली. मावशींनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

“सावकाश सांग गं, बये,” त्या नातीला म्हणाल्या. “आजीला लिहायला वेळ लागतो.”