मोतीबिंदू मला नाही

मित्रांनो, मी या वेधशाळेच्या गच्चीवरचा जुना सूर्यमापक आहे, आणि आधीच सांगतो, मी काही रडगाणं गायला बसलेलो नाही. दिवसभर सूर्याकडे टक लावून बघायचं, हे माझं काम. तुम्ही बघू नका, डोळे जातील! हवेत धूळ आणि धूर जितका जास्त, तितका सूर्यप्रकाश माझ्यापर्यंत कमी पोहोचतो. किती कमी झाला, ते मी मोजतो. माझ्या डोळ्यावर लांब काळी नळी आहे. तिच्यातून फक्त सूर्य दिसतो, आजूबाजूचं चमकणारं आकाश नाही. ढग आले की मी गप्प बसतो. तोंडाला येईल ते बोलायची मला सवय नाही.

एके काळी पाहुणे मला बघायला जिने चढून येत. पुढे सगळे मला ‘आजोबा’ म्हणू लागले आणि विसरूनही गेले.

यंदा माझे आकडे चढतच गेले. मोठे साहेब वर आले, आकाशाकडे बघून म्हणाले, “कुठे वाईट आहे हो हवा? आजोबांना मोतीबिंदू झालाय. यांची काचच धुरकटली असणार!”

“मी रोज पुसते, साहेब,” माझी निगा राखणारी निरीक्षक ताई म्हणाली.

तरी नवं यंत्र आलंच. ताईने ते घाईघाईने माझ्या शेजारी बसवलं. त्याने माझ्यापेक्षा कितीतरी कमी धूळ सांगितली. झालं! मला भंगारात काढायचं ठरलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिपाई पान्हा घेऊन माझे नट ढिले करू लागला, तरी मी सूर्यावरची नजर हलवली नाही.

इतक्यात नव्याचं खोकं आवरताना ताई ओरडली, “अगं बाई! नळी खोक्यातच राहिली! थांबा, पान्हा खाली ठेवा!”

नळी नसल्यामुळे नव्याच्या डोळ्यात आजूबाजूच्या आकाशाचा उजेडही शिरत होता. म्हणून त्याला हवा स्वच्छ वाटत होती. ताईने नळी बसवली आणि त्याचा आकडा मुकाट्याने माझ्या आकड्याशी येऊन टेकला.

“चूक माझी, साहेब. आजोबा खरंच सांगत होते.”

साहेबांनी डोकं खाजवलं. “म्हणजे हवाच इतकी खराब आहे?”

“हो ना.”

मित्रांनो, मी अजून गच्चीवरच आहे. मान वळवताना करकरते, हे कबूल. मला मऊ कापडाने पुसा, वंगण घाला. खरंच चुकलो, तर खुशाल उतरवा. पण आकडा आवडला नाही म्हणून उतरवणार असाल, तर एवढं ऐकून ठेवा: मला फुप्फुसं नाहीत. तुम्हाला आहेत.