आश्रमातलं नाव

सरकारी दफ्तराचं उत्तर आलं : डिम्फ्ना कीव्हनी या नावाची नोंद सापडत नाही.

डिम्फ्ना म्हणजे माझी आई, ऐंशी पार केलेली. लग्नाच्या कितीतरी आधी, पोरवयात, नन्सच्या आश्रमात तिला मुलगा झाला होता. नन्सनी तो कुणाला तरी देऊन टाकला. तो कुठे आहे, एवढंच तिला डोळे मिटण्याआधी हवं होतं. आम्ही फेरअर्ज केला. वर्षाने पुन्हा तेच उत्तर. मग मात्र मी आमच्या किलमोरन गावातल्या दफ्तरात जाऊन थडकले.

"शोधलं म्हणजे नेमकं काय केलंत?"

"कॉम्प्युटरवर नाव टाकलं, बाई. आलं नाही," हॅनरटीसाहेब म्हणाले.

"आणि तळघरातली कपाटं?"

"ती आश्रमातल्या नावाने लावलीत. ते तुम्ही अर्जात दिलेलंच नाही."

आश्रमात पाऊल ठेवलं की नन्स मुलीचं खरं नाव काढून घ्यायच्या आणि दुसरंच चिकटवायच्या, हे आयर्लंडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"मग मूग गिळून काय बसलात? एक ओळ लिहून विचारायचं!"

"तशी पद्धत नाही."

ते नाव आईने बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी तिला विचारलं.

"अगाथा," ती म्हणाली. "हाक आली की वाटायचं, फरशी पुसायला दुसरीच कुणीतरी चाललीय."

अगाथाची फाईल आठवड्यात निघाली. दत्तक घेणारे : टायनन, किलमोरन. मुलाचं नाव ओवेन. पुढचं शोधायला दफ्तर कशाला हवं? टायननचं हार्डवेअरचं दुकान सगळ्या गावाला माहीत. ओवेन मागच्या हिवाळ्यात वारला. आमचा फेरअर्ज तेव्हा साहेबांच्या टेबलावर पडून होता.

आमच्याकडे ओळख असो नसो, मयताला जायचंच. ओवेनच्याही घरी आई गेली होती, शेजारणीबरोबर. उघड्या शवपेटीपाशी तिने माळ जपली, त्याच्या मुलींचे हात हातात घेतले, सँडविच खाऊन घरी आली.

हे सगळं तिला सांगताना मला रडू आवरेना. आई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"निरोप देताना मयताच्या हाताला हात लावतात ना गं आपल्यात," ती म्हणाली. "मी लावला होता. फार गार होता."