मस्का म्हणतात मला

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी मी गावोगाव हिंडतो. मी एक जुना शब्द आहे. माझे नाव मस्का.

माझे मूळ फारसीतले. तिथे मस्का म्हणजे साधे लोणी. मराठीत आलो तेव्हाही मी पावावर सुखात होतो. पुढे लोकांच्या ध्यानात आले, की काही माणसे बोलण्यानेही लोणी लावतात. ओठांवर गोड, पोटात भलतेच. अशा बोलण्याला माझे नाव चिकटले आणि मी खाण्याची वस्तू होतो तो आरोप झालो. याचे मला वाईट वाटले.

सिंदेवाहीकडच्या एका ढिवरांच्या गावात मी एसटीच्या कंडक्टरबरोबर पोचलो. सारे गाव तलावाच्या मासळीवर जगणारे. तिथला खुशाल नावाचा ढिवर जेवताना रश्श्याची तारीफ करी, तर त्याची बायको गोकुळा म्हणे, "मस्का नोको लावू." त्याची तारीफ अगदी खरी असायची. हळूहळू तो मुकाट्याने जेवू लागला. मला त्या ताटाजवळ थांबवत नसे.

१९९८च्या उन्हाळ्यात तलावात मोठे जाळे पडले. त्याच दिवशी बाहेरगावचा एक ठेकेदार आला. पांढरी पँट, चकचकीत बूट. "बाई, जाळ्याची अशी जाण जिल्ह्यात कुणाला नाही," तो गोकुळाला म्हणाला. मच्छीमार सोसायटीचा म्हातारा अध्यक्ष पत्रू, त्याला तर त्याने पाण्याचा राजा केले. "मला घरचाच समजा. तलाव माझ्याकडे सोपवा आणि तुम्ही आरामात बसा."

तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, मासळीचे वाटे पडत होते. तिथली रीत अशी, की जो जाळे ओढतो त्याचा वाटा, आणि ज्याचा वाटा तो आपला माणूस. आपल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. विरघळलेल्या पत्रूने ठेकेदाराचाही वाटा मांडायला लावला. तलाव गेला, की ही सगळी घरे मजुरीला लागणार. मला कुणीतरी हाक मारावी म्हणून मी वाट पाहत होतो. पण पाहुण्याच्या तोंडावर मला उच्चारायला कुणी धजेना.

गोकुळाने जाळ्याची दोरी त्याच्यापुढे धरली. "घरचे हाव ना, भाऊ? मंग उतरा पाण्यात. एक ओढ बाकी हाये."

त्याने बुटांकडे पाहिले. "आज राहू द्या. पुढच्या वेळी नक्की."

गोकुळाची सासू धुरपता शांतपणे म्हणाली, "हा तं मस्का होय गा, पत्रू."

सगळी पाळ हसली. पत्रू ओशाळला. त्याने तो वाटा उचलून बाकीच्यांत मिसळला. "तलाव नाई देत आमी, भाऊ," तो म्हणाला. ठेकेदार निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी नेमक्या जागी पडलो होतो.

मित्रांनो, कुणी गोड बोलला तर आधी तो पाण्यात उतरतो का ते बघा, उतरत नसेल तरच मला हाक मारा. खऱ्या कौतुकावर मात्र मला फेकू नका. माणसे गप्प होतात.

त्या संध्याकाळी जेवताना खुशाल पुष्कळ दिवसांनी बोलला. "तुह्यामुळं तलाव वाचला, गोकुळा. तुह्यासारखी बाई नाई."

सवयीने मी तिच्या जिभेवर आलो. तेवढ्यात तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. पोटऱ्यांवर अजून तलावाचा चिखल होता. तिने मला तिथेच गिळले आणि त्याला आणखी रस्सा वाढला.